परीक्षेच्या महिन्यातली वीस मिनिटं

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती व्यायामावर. क्लास चालू राहतो, मोबाइल चालू राहतो, चहा तर वाढतोच. सकाळचे सूर्यनमस्कार, संध्याकाळचं मैदान, जेवणानंतरची शतपावली, एवढंच बंद होतं. ‘पेपर संपले की कर ना, आता वेळ कुठे आहे?’ असं आईवडील मायेनेच म्हणतात आणि मुलांनाही ते पटतं, कारण दिवसाचा एक तास वाचल्यासारखा वाटतो. पण तो तास वाचत नाही. तो कुठे जातो ते मी झाशीत शिकत असताना स्वतःच्या शरीरावर पाहिलं, शेजारच्या खोल्यांमधल्या मुलींवरही पाहिलं. आज घरात कुणी दहावी-बारावीला, नीटला, नेटला किंवा स्पर्धा परीक्षेला बसलेलं असेल, तर हे त्यांच्यासाठी आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याची. आमच्या गावचा भुईकोट किल्ला झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीतला, म्हणून झाशीला एमएस्सीसाठी जायचं ठरलं तेव्हा घरच्यांना तो मुलूख अगदी परका वाटला नाही. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी खो-खो खेळले होते. दम चांगला होता, पाय हलके होते आणि ही कमाई आयुष्यभर पुरेल असा माझा समज होता. शरीराचा हिशेब तसा नसतो. मैदान सुटलं की दोन-चार आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो. मी तर पहिलं सत्र सुरू झाल्यापासून धावणं सोडाच, जिनेसुद्धा मोजकेच चढत होते. वर्ग, प्रयोगशाळा, रेकॉर्ड बुक आणि रात्री नेटची तयारी, असा दिवस होता.

झाशीची थंडी मराठवाड्या-खानदेशातल्या माणसाने कल्पना करावी त्याहून जास्त असते. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं उतरतं की सकाळी समोरची इमारत दिसत नाही, पारा चार-पाच अंशांपर्यंत खाली येतो. अशा दिवसांत रजईतून बाहेर येणं नकोसं होतं, आणि सत्र परीक्षा नेमक्या त्याच सुमारास. आम्ही खाटेवर बसून, पाठीला उशी लावून, मांडीवर वही घेऊन वाचायचो. रात्री दोन वाजेपर्यंत दिवा चालू, सकाळी उठायला नऊ. दिवसाचं ऊन अंगावर पडायचंच नाही. सुरुवातीला मान धरली, मग कंबर, मग रोज दुपारनंतर कपाळ दुखायला लागलं. डोळ्यांचा नंबर तपासून घेतला, तो होता तेवढाच होता. जेवण पचेना, म्हणून रात्रीचं जेवण टाळून चहा-बिस्किटं सुरू झाली, आणि चहाने झोप आणखी लांबली.

अभ्यासाचे तास मात्र वाढत होते. रोज किती तास बसले ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. तो आकडा बघून समाधान वाटायचं. किती पानं डोक्यात गेली, याचा हिशेब त्या वहीत कुठेच नव्हता. एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचायचा आणि पान उलटलं की मागचं पुसलेलं असायचं. वाचलेला तास जातो तो इथे. बसणं वाढतं, डोक्यात शिरणं कमी होतं, आणि बसण्याचे तास मोजणाऱ्याला ते कळतही नाही. त्या परीक्षेत गुण फार वाईट पडले नाहीत, त्यामुळे हीच रीत बरोबर आहे असं आम्ही सगळ्या धरून चाललो. खरं नुकसान पुढे व्हायचं होतं.

ते झालं परीक्षा संपल्यावर, आणि या भागाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. महिनोन्‌महिने शरीर खुर्चीत-खाटेत ठेवलं की मनात एक देणं साचतं. पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते एकदम फेडावंसं वाटतं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मैत्रिणींशी पैज लावून बैठका मारायला घेतल्या. थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला पायऱ्या उतरता येईनात. सगळे हसले, ‘सवय नाही ना, होईल ठीक’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिच्या मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट यायला लागली. तिने लाजेने ते दिवसभर कुणाला सांगितलं नाही. वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी जे समजावलं ते मी तेव्हापासून प्रत्येक मुलाला-मुलीला सांगते. सवय नसलेल्या मोठ्या स्नायूंवर एकदम फार ताण आला तर स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकून ती बंद पाडू शकतं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याचशा मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. ती वाचली, सलाइन आणि तपासण्यांवर निभावलं. पण हे लक्षात ठेवा: जोर-बैठका, जिम किंवा लांब धावण्यानंतर एक-दोन दिवसांत लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हणून वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि काय व्यायाम केला तो स्पष्ट सांगायचा. मुलग्यांमध्ये हा धोका जास्त दिसतो. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी एकदम धावायला लागणाऱ्या मुलांच्या घरी तर हे माहीत असायलाच हवं.

माझ्यावर आलं ते वेगळं. एप्रिलमध्ये मी किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्याने धावायला सुरुवात केली. उशिरा उठायची सवय मोडली नव्हती, म्हणून निघायला साडेआठ व्हायचे. एप्रिलच्या झाशीत साडेआठ म्हणजे सकाळ नव्हे. तिथला खडक रात्रीसुद्धा पुरता निवत नाही आणि नऊच्या आत ऊन टोचायला लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू वाहते. मी डोळ्यांपुढे अंधारी येऊन रस्त्याच्या कडेला बसले. एका फळवाल्या दादांनी सावलीत नेऊन डोक्यावर पाणी ओतलं. ‘बिटिया, ये टाइम नहीं है,’ एवढंच ते म्हणाले. उन्हात अंग तापलं, डोकं भणभणलं, बोलणं अडखळलं तर पहिलं काम हेच, पाणी ओतून आणि वारा घालून अंग थंड करायचं. पाणी पाजणं शुद्धीवर असलेल्यालाच. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळही थोडा आणि वेगही थोडा ठेवावा.

पण चक्कर नुसती उन्हाची नव्हती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात. प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींमध्ये एक तरी. तरीही मुलगी थकते तेव्हा घरात आणि वसतिगृहात तिला आळशी म्हणतात, आणि तीही स्वतःला तसंच समजायला लागते. मला इथे राग येतो आणि तो मी लपवत नाही. महिन्याला रक्त जाणाऱ्या, सकाळचा नाश्ता बुडवणाऱ्या, दिवसाला पाच कप चहा पिणाऱ्या मुलीला ‘जरा हालचाल कर’ सांगण्याआधी तिचं रक्त तपासा. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह शरीराला कमी मिळतं, लिंबू किंवा आवळा असेल तर जास्त मिळतं. चहा जेवणाच्या तासभर पुढे-मागे सरकवणं हे खर्च नसलेलं औषध आहे. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, आणि त्या सुरू असताना जोरदार धावण्याऐवजी चालावं.

या सगळ्यानंतर मला सांभाळून घेतलं ते जुन्या शहरातल्या, खंडेराव गेटजवळ राहणाऱ्या एका मराठी काकूंनी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं. मराठी बोलताना बुंदेली लय यायची, पण गणपतीची आरती मात्र अगदी आपल्यासारखी. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधररावांचं आणि मनकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं, लग्न लागलं, तिथे त्या रोज चालत जायच्या. मला म्हणाल्या, “अगं, सकाळी सहाला गच्चीवर ये. येताना पुस्तक आणू नकोस.” बारा सूर्यनमस्कार, थोडं वाकणं-ताणणं, खाली उतरून भिजवलेले हरभरे आणि गूळ. सातला मी परत वाटेला लागलेली असायची. त्यांनी मला दुसरं काहीही करू दिलं नाही. पहिल्या आठवड्यात तर सहाच नमस्कार. मी जास्त करायला गेले की त्या सरळ “पुरे” म्हणायच्या.

काकूंच्या कपाटात विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ होतं. कुलाब्यातल्या वरसईचे हे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते, झाशीत राहिले, आणि पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या १९०७ साली छापून आल्या. राणीच्या दिनक्रमाबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते त्या वयात वाचायला मिळालं हे माझं भाग्य. पहाटे उठून आधी मल्लखांबावर कसरत, मग घोड्यावर रपेट, त्यानंतर स्नान, पूजा आणि पुढे दरबारचं काम. हे वर्णन पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला त्यात क्रम महत्त्वाचा वाटतो. राज्याचा कारभार अंगावर असलेल्या बाईचा व्यायाम कामं उरकल्यावर उरलेल्या वेळात ठेवलेला नव्हता. दिवस सुरू व्हायचा तोच तिथून. मनकर्णिका वाढली ती ब्रह्मावर्ताला, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयात, आणि मल्लखांब नव्याने उभा करणारे बाळंभटदादा देवधर त्याच बाजीरावांच्या पदरी होते. म्हणजे ती सवय लहानपणीच्या परिसरातून आली होती. मुलांना सवय लावायची तर ती दहावीच्या वर्षी नव्हे, सहावी-सातवीत लावावी लागते, हे त्यातून घ्यायचं.

पण पहाट सगळ्यांना जमत नाही. रात्रपाळीचा, संध्याकाळच्या क्लासचा, रेल्वेने येणं-जाणं करणारा विद्यार्थी पहाटे उठूच शकत नाही, आणि त्याला रोज पहाटेचा उपदेश करणं हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी झाशीतच दुसरा माणूस आहे. सीपरी बाजाराजवळच्या टेकडीवर मेजर ध्यानचंद यांचा हॉकी स्टिक घेतलेला पुतळा आहे. १९२२ साली ते सैन्यात भरती झाले. दिवसभर शिपायाची नोकरी, आणि सराव ड्यूटी संपल्यावर. रात्री चांदण्यात खेळत बसायचे म्हणून सोबत्यांनी ‘चंद’ म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिम्पिकची सुवर्णपदकं त्या सरावातून आली. शेवटचं बर्लिनला, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, जर्मनीवर ८-१ असं. राणीने पहाट निवडली, ध्यानचंदांनी रात्र. वेळ कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. ती रोज तीच असावी आणि कामाला लागून असावी, एवढं पुरतं.

इथे कुणीतरी टिळकांचं उदाहरण काढतंच. डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष लोकमान्यांनी शरीर कमावण्यात घालवलं, त्यापायी ते वर्ष अभ्यासात हातचं गेलं, पण पुढे मंडालेचा तुरुंगवास त्या शरीराने सोसला, असं चरित्रकार सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की हे उदाहरण आजच्या विद्यार्थ्याने अर्धंच घ्यावं. शरीर कमावलं पाहिजे हे खरं, पण एक अख्खं वर्ष देण्याची मुभा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, वयाची अट असलेल्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना नसते. वर्षभर सगळं व्यायामाला आणि पुढची वर्षं सगळं पुस्तकाला, असा झोका शरीराला मानवत नाही. माझा सगळा अनुभव या झोक्याविरुद्धच आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रोजच्या शिक्षणाचा भाग केले, ती वाट मला जास्त पटते. झाशीत ‘लक्ष्मी व्यायाम मंदिर’ या नावाचं इंटर कॉलेज आहे. तिथल्या पाटीवर शाळा आणि आखाडा एकत्र वाचताना मला दरवेळी बरं वाटायचं.

आता किती आणि कसं, याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही. १५० ला सातने भागलं तर दिवसाला जेमतेम २२ मिनिटं. भरभर चालणं त्यात धरलं जातं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र रोज सरासरी तासभर सांगितलं आहे, म्हणजे दहावी-बारावीच्या मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त हालचाल लागते. आपण नेमकं उलट करतो. त्या दोन वर्षांत त्यांची हालचाल सगळ्यात कमी करतो.

हालचालीचा आणि डोक्याचा संबंध आहे का, असं विज्ञानाच्या मुलांनी मला विचारलेलं आहे, आणि विचारायलाच हवं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००९ च्या एका प्रयोगात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं. नुसत्या बसलेल्या वेळेपेक्षा चालल्यानंतर त्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं आणि वाचनाच्या चाचणीतही फरक दिसला. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठात २०१६ साली झालेला प्रयोग मला त्याहून उपयोगी वाटतो. ७२ जणांना चित्रं आणि त्यांच्या जागा शिकवल्या. काहींनी शिकल्याबरोबर ३५ मिनिटं सायकल मारली, काहींनी चार तासांनी, काहींनी मारलीच नाही. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा चार तासांनी व्यायाम करणाऱ्यांना जास्त आठवत होतं. लगेच करणाऱ्यांचा आणि न करणाऱ्यांचा निकाल सारखाच आला. एका प्रयोगावरून वेळापत्रकाचा कायदा करू नये. तरी ज्यांना संध्याकाळच मोकळी आहे त्यांनी दुपारी एक ते तीनमध्ये पाठांतराचा अवघड विषय घ्यावा आणि सहा-सातला व्यायाम करावा. बिघडत काहीच नाही.

मी स्वतः आणखी एक गोष्ट जोडली आणि तीच सगळ्यात टिकली. फिरायला निघताना सकाळी वाचलेल्या भागावरचे तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. चालताना उत्तरं मनात मांडायची, पुस्तक जवळ ठेवायचंच नाही. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलं तर जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं आहे. आपल्या पाठशाळांतले विद्यार्थी येरझारा घालत पाठ म्हणायचे तेही याच जातीचं. जे उत्तर अडलं ते परत आल्यावर पहिल्यांदा उघडायचं. अशा चालण्याला अभ्यासातून चोरलेला वेळ म्हणता येत नाही, त्यामुळे घरच्यांचाही विरोध मावळतो. पण कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकत रस्त्याने चालू नका. झाशीत काय, जळगावात काय, रस्त्यावरची वाहनं कान उघडे असणाऱ्यालाच चुकवता येतात. मुलींनी तर मुळीच नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘पहाटे धाव’ म्हणणं सोपं आहे. अंधारात कुठे धावायचं, हा प्रश्न मुलग्यांना पडत नाही. झाशीत नारायण बागेत आणि किल्ल्याखालच्या राणी लक्ष्मीबाई पार्कात सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, तशी जागा प्रत्येक शहरात शोधून काढावी. जिथे वयस्क बायका रोज फिरायला येतात तिथे मुलींनी जावं, आणि दोघी-तिघींनी मिळून जावं. तशी जागा नसेल तर गच्ची आहे, व्हरांडा आहे, जिना आहे. दोन चटया मावतील एवढ्या जागेत सूर्यनमस्कार होतात. वसतिगृहाचं फाटक उशिरा उघडत असेल तर एकटीने कुरबुर करण्याऐवजी सगळ्यांच्या सह्यांनी आतल्या मोकळ्या जागेची किंवा गच्चीची वेळ मागून घ्यावी. आम्हाला ती मिळाली. पाळीच्या दिवसांत चालणं चालतं, ज्यांना त्रास होतो त्यांनी विश्रांती घ्यावी. यात कुणी कुणाला टोमणे मारू नयेत.

ऋतूंप्रमाणे वेळ हलवावी. उत्तरेत किंवा विदर्भ-खानदेशात शिकणाऱ्यांनी एप्रिल ते जून सहाच्या आत व्यायाम उरकावा, नाहीतर सूर्य मावळल्यावर घरातच करावा. धुक्याच्या दिवसांत पहाटेचा हट्ट सोडून दुपारी बारा-एकला उन्हात चालावं. अंगावर ऊन पडलं की रात्री झोपही वेळेवर येते. पावसाळ्यात जिना किंवा दोरीवरच्या उड्या. गुडघे दुखत असतील तर उड्याही नकोत, भिंतीला टेकून उठबस करावी. अभ्यासाला बसल्यावर पाऊण-एक तासाने पाच मिनिटं उभं राहावं. त्या पाच मिनिटांत मोबाइल घेतला तर पाठ वाकलेलीच राहते आणि डोळेही थकतात. खाटेवर वाचणं शक्यतो टाळावं. टेबल नसेल तर पाट आणि समोर उंच डबा ठेवावा, पुस्तक नजरेच्या जवळ आलं की मान वाकत नाही. झोपेला कात्री लावून व्यायाम करू नये. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना सात ते नऊ तास झोप लागते. रात्री एकला झोपून पाचला धावणारी मुलं मी पाहिली आहेत, दोन आठवड्यांत ती दोन्हीकडून गळतात.

खाण्याचं फार गुंतागुंतीचं करायची गरज नाही. झाशीकडे सातू, आपल्याकडे भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, भाकरी-वरण, एखादं केळं, अंडी चालत असतील तर अंडी. डब्यातली प्रोटीन पावडर आणि रात्र जागवणारी थंड पेयं विद्यार्थ्याने विकत घेऊ नयेत, पैसा तर जातोच, झोपही जाते.

आणि परीक्षेचा महिना आला की व्यायाम निम्मा करावा, बंद करू नये. ४० मिनिटांचा २० करा, २० चा १०. पेपरच्या दिवशी सकाळी नवीन काही करायचं नाही, धावायचं नाही, फक्त दहा मिनिटं चालून यायचं. पेपर संपले की पहिल्या आठवड्यात तेवढंच चालू ठेवायचं, दुसऱ्या आठवड्यापासून थोडं-थोडं वाढवायचं. बैठका दहापासून, धावणं एका फेरीपासून. महिनाभर काहीच केलेलं नसेल आणि परीक्षा पंधरा दिवसांवर असेल, तर आज संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटं चाला, उद्याही त्याच वेळी चाला, आणि वहीच्या मागच्या पानावर अभ्यासाच्या तासांशेजारी आठवून लिहिता आलेल्या पानांचा आकडाही लिहायला लागा.